आम्ही पितो तोच विकतो

कडेगावच्या पेठेत चांदसाहेब तांबोळींचं चहा पावडरीचं दुकान आहे. दुकानाचं नाव ‘सुरय्या टी डेपो’. सुरय्याबी म्हणजे त्यांच्या पत्नी. दुकानाला बायकोचं नाव देणारा माणूस एक तर फार प्रेमळ असतो, नाहीतर फार घाबरट. चांदसाहेब दोन्ही होते आणि दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. पण गावाला हे दुकान ठाऊक होतं ते नावाखाली लाल अक्षरांत रंगवलेल्या ओळीमुळे : ‘आम्ही पितो तोच विकतो.’

ही नुसती जाहिरात नव्हती, हा दुकानाचा कायदा होता. सुटी पावडर घ्यायला गिऱ्हाईक आलं, की गल्ल्याशेजारच्या शेगडीवर पातेलं चढायचं. बारीक डस्ट किती आणि दाणेदार ममरी किती, हे चांदसाहेब चिमटीच्या अंदाजानं ठरवायचे. चहा उकळला की पहिली बशी दुकानदाराची. त्यानं प्यायची, डोळे मिटायचे, ‘हं’ म्हणायचं, आणि मगच दुसरी बशी गिऱ्हाइकापुढे यायची. चांदसाहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला हा रिवाज. त्यामुळे बाजाराच्या दिवशी चांदसाहेबांच्या पोटात किती चहा जातो, ते त्यांच्या पोटालाही सांगता आलं नसतं. समोरचा दादासो हॉटेलवाला म्हणायचा, “चांदसाबाला सुई टोचली तर रगात न्हाई, चहा येईल. त्योबी साखरंचा.”

आणि अशा माणसाला निरोप आला, की उद्या सकाळपासून चहा घ्यायचा नाही.

निरोप सांगलीला दिलेल्या लेकीचा, जीनतचा होता. “अब्बा, नंबर लागला एकदाचा. उद्या संध्याकाळी दवाखान्यात यायचं. न्हाऊन यायचं, केसांना तेल लावायचं नाही. दिवसा अजिबात झोपायचं नाही. आणि सकाळपासून चहा, कॉफी, थंडा, चॉकलेट, सगळं बंद.”

“चॉकलेटाचं जमंल.”

“अब्बा, मी चहाचं सांगतेय.”

“अर्धा कप?”

“नाही.”

“बशीत उरलेला?”

“अब्बा!”

“बरं, नुसता वास घेतला तर मशीनला कळतंय का?”

इथं जीनतनं फोन ठेवला. वासाबद्दल दवाखान्याचं काय म्हणणं होतं ते शेवटपर्यंत समजलं नाही.

ही तपासणी होती झोपेची. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं आणि झोपेत माणूस काय काय उद्योग करतो ते मशीननं टिपून घ्यायचं. चांदसाहेबांना आधी ही गोष्ट साफ नामंजूर होती. झोपणं ही काय दवाखान्यात जाऊन करून दाखवायची गोष्ट आहे? पण मागे एका दुपारी सुरय्याबी भाकरी थापता थापता बसल्या जागी पेंगल्या आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. चांदसाहेब थट्टेनं म्हणाले, “रातभर काय करत असतीस गं?”

“जागी असती.”

“माज्या घोरण्यानं?”

“घोरता त्येचं काय न्हाई वो,” सुरय्याबी तव्यावरचा कोळसा खरवडत म्हणाल्या. “लगीन झाल्यापास्नं ऐकत आलीया. पर मधीच घोरायचं थांबता, श्वासच थांबतोय, त्येचं भ्या वाटतंय. मग मी उठून बसती. परत घोराय लागला की जिवात जीव येतो.”

चांदसाहेबांच्या जिभेवर एक चांगला विनोद आला होता, तो त्यांनी गिळला. ही बाई किती रात्री अशी उठून बसली असेल, या विचारानं त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. हात पुढे करून ते म्हणाले, “डॉक्टर म्हणंल ते करीन. तुजी शपथ.” सुरय्याबींनी शपथ लगेच ठेवून घेतली. चांदसाहेबांच्या शपथा सहसा दुपारपर्यंत टिकत नसत, पण ही टिकवायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता शहाणा माणूस असता तर त्यानं दुकान बंद ठेवून घर गाठलं असतं. पण उद्याचा दिवस नेमका बाजाराचा. शिवाय पलूसचा वीरधवल, कारखान्याच्या कँटीनचा ठेका घेणारा, हंगामाची पावडर ठरवायला यायचा होता. आणि तिसरं म्हणजे तपासणीचं गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. घोरणं जगजाहीर होतं, त्याचं काही नाही. पण चहा पाजून अख्ख्या तालुक्याला जागं ठेवणारा माणूस झोपेच्या डॉक्टरकडे गेला, हे एकदा पेठेत फुटलं, की पुढची पाच वर्षं लोकांना दुसरा विषय लागला नसता. तेव्हा दुकान उघडायचं, चहा टाळायचा आणि संध्याकाळी गुपचूप एसटी धरायची, असा बेत ठरला. बेत कागदावर छान होता.

सकाळी उठल्यावर चहा नसेल तर माणसानं करायचं काय, हा प्रश्न चांदसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा पडला. सुरय्याबींनी दूध दिलं. दूध पिऊन त्यांना आपण आजारी असल्यासारखं वाटायला लागलं. न्हाल्यावर केसांना तेल लावलं नाही, तर एरवी गुमान चापून बसणारे केस चहूबाजूंनी उभे राहिले. टोपी घातली तर टोपी वर उचलली गेली. कपाळात कुणीतरी उखळ मांडून मिरच्या कांडत होतं. अशा थाटात चांदसाहेब दुकानात येऊन बसले.

बसतात तोच दादासोचा चहा आला. रोज सकाळी दादासो हॉटेलातला पहिला चहा समोरून पाठवायचा. पावडर चांदसाहेबांचीच, तेव्हा हा एक प्रकारचा मालकी हक्कच होता. चांदसाहेबांनी पेला हातात घेतला. वाफ नाकात शिरली. अंगातली प्रत्येक शीर उठून बसली. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ‘या अल्ला, माफ कर’ म्हणत पेला दुकानालगतच्या गटारीत रिकामा केला.

इकडे तिकडे पाहिलं, पण खाली पाहायचं राहिलं. खाली पायरीशी भामाबाई मेथीच्या पेंढ्या लावत बसली होती.

“अगं बया!” भामाबाईचे हात थांबले. “च्या वतला?”

“माशी पडली हुती.”

“मला न्हाई दिसली.”

“बारकी हुती.”

भामाबाई पुढे काही बोलली नाही. ती आपल्याशी बोलली नाही याचा अर्थ ती आता दुसऱ्यांशी बोलणार, हे चांदसाहेबांना कळायला हवं होतं. पण चहा न घेतलेल्या माणसाला उशिरा कळतं. तासाभरात मेथीच्या प्रत्येक पेंढीबरोबर एकेक बातमी घरोघर गेली : चांदसाबानं च्या गटारीत वतला, डोस्क्याला तेल न्हाई, केस पिंजारल्यात, त्वांड उतारलंय.

पहिला आला दादासो. पंचा खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून सरळ आला आणि गल्ल्यापुढे उभा राहिला.

“माज्या चहात काय खोट निघाली?”

“तुज्या चहात काय खोट न्हाई, दादासो.”

“दूध माज्या घरच्या म्हशीचं. साखर आपल्या भागातली. पाणी तू पितोस त्याच नळाचं. ऱ्हायलं काय?” दादासोनं बोटं मोडत हिशेब केला. शेवटचं बोट उरलं ते त्यानं चांदसाहेबांवर रोखलं. “पावडर!”

चांदसाहेब पेचात पडले. दादासोच्या चहाला नावं ठेवावीत तर शेजार तुटणार, न ठेवावीत तर पावडर गुन्हेगार. शेवटी त्यांनी कण्हत सांगितलं, “प्वाट बिघडलंय रं.”

पोट बिघडलंय हे कडेगावच्या पेठेत मोठ्यानं बोलू नये. जो तो वैद्य झाला. दादासो म्हणाला, कोरा चहा घे, लिंबू पिळून. पलीकडचा सराफ म्हणाला, सुंठ घालून चहा घ्या. एक अनोळखी गृहस्थ विट्याला निघाले होते, ते एसटी सोडून सांगायला आले, की त्यांच्या मेव्हण्याचं पोट नुसत्या गवती चहावर बरं झालं. पोट बिघडो, डोकं दुखो, पोरगी सासरी जावो, या भागात उतारा एकच. चांदसाहेबांनी हात जोडून सगळ्यांना वाटेला लावलं आणि त्या धांदलीत कुणीतरी समोर धरलेल्या भज्यांच्या कागदातली चार भजी तोंडात टाकली.

त्याच क्षणी सुभेदार नाथाजी आले. नाथाजी फौजेतून सुटून आले त्याला बरीच वर्षं झाली. घरचा ऊस होता, पोरं हाताशी आली होती, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि हुकूम सोडायला माणसं कमी. बाजाराच्या दिवशी ते चांदसाहेबांच्या दुकानातल्या पोत्यावर बसून सबंध पेठेवर नजर ठेवत. चांदसाहेबांचे ते लहानपणापासूनचे दोस्त, म्हणून आज त्यांची सर्वांत जास्त भीती होती.

“चहा सोडलास म्हनं गड्या? रोजा हाय का काय?”

चांदसाहेबांच्या दोन्ही गालांत भजी होती. शिवाय रोज्याच्या नावावर खोटं बोलायचं, तोबा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“मग? शुगर? बीपी? वैनीसंगं भांडान?”

“प्वाट…”

“पोटाला चहा चालत न्हाई आन कांद्याची भजी चालत्यात?” नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला. “चांदसाब, म्या बॉर्डरवर मानसं पकडल्यात. खरं बोल.”

चांदसाहेब खरं बोलले नाहीत. तिथंच सगळं हुकलं. नाथाजींना शांतपणे कानात सांगितलं असतं तर त्यांनी उभी पेठ आवरली असती. पण मानी माणसाला मदत मागण्यापेक्षा मार खाणं सोपं वाटतं.

अकराच्या सुमाराला विजयमालाबाई आल्या. बाई निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि पेठेतल्या निम्म्या दुकानदारांचे कान त्यांनी शाळेत असताना धरलेले. हळदीकुंकवासाठी नेलेली पावडर त्यांनी पिशवीतून काढून गल्ल्यावर ठेवली.

“चांदसाहेब, बोर्ड वाचा.”

“बाई, मीच रंगवून घेतलाय त्यो.”

“मोठ्यानं वाचा.”

चांदसाहेब उभे राहिले. हात आपोआप मागे गेले. “आम्ही पितो तोच विकतो.”

“छान. आता पिऊन दाखवा.”

तोपर्यंत बाईंच्या मागे पाचसहा बायका पुड्या घेऊन जमल्या होत्या. पावडरीत रंग आहे, असं एकीला समजलं होतं. दुसरीला लाकडाचा भुसा आहे, असं समजलं होतं. तिसरीनं तर आपल्या सासऱ्यांचा गुडघा या पावडरीनंच धरला, असं सांगितलं, आणि चौथी म्हणाली, “व्हय, आमच्याबी!” चांदसाहेबांनी आपल्या वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं. वडील नेहमीसारखेच गंभीर होते, पण आज जरा जास्तच वाटले.

या गर्दीतून वाट काढत पांढऱ्या शर्टातला वीरधवल आत आला. “काका, लग्नबिग्न हाय काय? येवढी मानसं?”

आता मात्र कसोटी होती. चांदसाहेबांनी शेगडी पेटवली. चिमूट चुकली नाही. पाणी उकळलं, पावडर पडली, रंग उतरला, दूध गेलं, आणि त्या पातेल्यातून जो वास निघाला त्यानं पुड्या परत द्यायला आलेल्या बायकासुद्धा पातेल्याकडे सरकल्या. आयुष्यात इतका चांगला चहा आपण केला नव्हता, असं चांदसाहेबांना वाटलं. उपाशी माणसाला सगळाच स्वयंपाक चांगला वाटतो, ते सोडा.

पहिली बशी भरली. चांदसाहेबांनी उचलली. सबंध दुकान बशीकडे बघत होतं. बशी ओठांपर्यंत गेली. एक घोट. एका घोटानं काय होणार होतं? इज्जत राहणार होती, कँटीन मिळणार होतं, कपाळातलं कांडप थांबणार होतं. सांगलीच्या मशीनला एक घोट काय कळणार?

आणि त्यांना तव्यावरचा कोळसा खरवडणाऱ्या सुरय्याबी दिसल्या.

त्यांनी बशी खाली ठेवली. “न्हाई पीत.”

“अगं बया!” भामाबाई पायरीवरून म्हणाली. तिच्या सकाळच्या बातमीवर आता शिक्का बसला होता.

“मी पितो त्याच्या जागी!” नाथाजी पोत्यावरून उठले. दोस्तावर संशय होता, पण दोस्ताला परक्यापुढे पडू द्यायचा नव्हता. “फौजेत फुडचा गडी पडला की मागचा त्याची जागा घेतो.” त्यांनी बशी एका दमात संपवली, आणखी एक भरून घेतली, तीही संपवली आणि छाती पुढे काढून उभे राहिले. “बगा. हाय का न्हाई जिता?”

“ते खरं हाय, सुभेदार,” वीरधवल अदबीनं म्हणाला, “पर बोर्डावर दुकानदार पितो म्हनलंय. पावडरीचा भरवसा दुकानदारालाच न्हाई, आन चहा, तर मी हजार कामगारांस्नी कसा पाजू?” मग चांदसाहेबांचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. “जेवून येतो काका. तवर इचार करा.”

तो गेला. बायका मात्र हलल्या नाहीत. पिशव्या मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या. चांदसाहेबांनी सुरय्याबींनी दिलेला डबा उघडला, चार घास खाल्ले आणि तराजूसमोर ताठ बसले. बाहेर ऊन तापलं होतं. पंखा संथ फिरत होता. पोटात भाकरी होती आणि गेल्या चाळीस वर्षांत प्रथमच तिच्यावर चहा नव्हता.

चांदसाहेबांना झोप लागली ती किलोचं वजन हातात असताना.

आधी कुणाला कळलं नाही. डोळे मिटून ते अपमान गिळतायत, असं वाटलं. मग घोरण्याचा पहिला सूर निघाला. दुसरा निघाला तेव्हा पायरीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्याला बाहेर बांधलेल्या बैलानं कान टवकारले. लोक गोळा व्हायला लागले. दादासो गिऱ्हाइकं टाकून आला. हसण्याची एक लाट पेठेतून जाणार, तेवढ्यात घोरणं थांबलं.

सगळे थांबले. चांदसाहेबांची छाती हलेना. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. विजयमालाबाईंनी पदर तोंडाशी नेला. नाथाजी पुढे सरकले, “चांदसाब? आरं चांदसाब?” आणि त्यांच्या आवाजात बॉर्डरचा काही मागमूस राहिला नव्हता. तेवढ्यात आतून एक मोठा झटका आला, गुरकावल्यासारखा आवाज झाला आणि घोरणं परत सुरू झालं. जमलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आपणही श्वास धरला होता, हे तेव्हा त्यांना कळलं.

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. नाथाजींनी मोबाइल काढला आणि चित्रीकरण सुरू केलं. डॉक्टरला दाखवायला लागेल, एवढं त्यांना सुचलं. दादासोनं आपली मोटारसायकल काढली आणि सुरय्याबींना घेऊन आला.

सुरय्याबी गर्दीतून आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “कुनी झोपू दिलं ह्यांस्नी?”

“म्हंजे, वैनी?”

“आवं, आज सांजंला सांगलीला झोपंची तपासनी हाय ह्यांची! झोपंत श्वास थांबतोय म्हनून. दिवसा झोपायचं न्हवतं, चहा प्यायचा न्हवता. सकाळधरनं थेंब घेतला न्हाई मानसानं. माजी शपथ घेतलीया त्येंनी.” आणि त्यांना एकाएकी रडूच आलं. “येवढा मोठा हट्टी मानूस, पर माज्यासाठी चहा सोडला वो.”

श्वास थांबतो म्हणजे काय, ते सगळ्या पेठेनं आत्ताच पाहिलं होतं. त्यामुळे कुणी हसलं नाही. भामाबाईनं एक मेथीची पेंढी उगाच चांदसाहेबांच्या पायाशी ठेवली. विजयमालाबाईंनी आपली पावडर गल्ल्यावरून उचलून परत पिशवीत टाकली. “आम्ही जाब विचारला, पण काय होतंय ते नाही विचारलं,” त्या म्हणाल्या.

मग दादासो पुढे झाला. त्याचं डोकं हिशेबी होतं. “थांबा थांबा. येक दिस चहा घेतला न्हाई तर ह्यो गडी तराजू धरून झोपला. व्हय?”

“व्हय.”

“मग रातीची झोप हुत न्हवती तरी चाळीस वर्सं ह्या मानसाला दुकानात ताठ कुनी बसिवला?” त्यानं बोटं मोडली. शेवटचं बोट या वेळी त्यानं पोत्यांकडे रोखलं. “पावडरीनं!”

जेवून परतलेला वीरधवल हे दारातून ऐकत होता. त्यानं झोपलेल्या चांदसाहेबांकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे चमकले. “कारखान्यात रातपाळी असती,” तो हळूच म्हणाला. “मला असलाच चहा पायजे.” त्यानं हंगामाचा सगळा माल तिथल्या तिथं पक्का केला. मग काय, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी एक पुडी, राखणीला जाणाऱ्या नवऱ्यासाठी एक पुडी, कीर्तनात पेंगणाऱ्या सासऱ्यांसाठी एक, असं करत बायकांनी फळी रिकामी केली. सासऱ्यांचा गुडघा सगळ्या विसरल्या. विक्री नाथाजींनी केली, गिऱ्हाइकांना रांगेत उभं करून. दुकानाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी विक्री मालकाच्या डोळ्यांदेखत झाली असती, पण डोळे मिटलेले होते आणि त्या धांदलीत त्यांना उठवायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं होतं.

सुरय्याबींनी हलवून जागं केल्यावर चांदसाहेब म्हणाले, “किती देऊ? पाव का अर्धा?”

“झोपला हुता न्हवं?”

“छ्या! जरा डोळं मिटलं हुतं.”

अख्खी पेठ खदखदून हसली. चांदसाहेबांनी समोर बघितलं, तो हा समुदाय. सुरय्याबींचे ओले डोळे दिसले आणि सगळं फुटलंय हे त्यांनी ओळखलं. लाज वाटायला हवी होती, तशी ती वाटलीही. पण रिकामी फळी दिसल्यावर तिचा जोर बराच कमी झाला.

“नाथाजी, तुला सांगाय पायजे हुतं गड्या.”

“सांजंपतोर आता डोळा मिटून बग,” नाथाजी डोळे पुसत दरडावले. “कोर्ट मार्शल करीन.”

मग पेठेनं चांदसाहेबांना जागं ठेवायचं काम अंगावर घेतलं. भामाबाईनं मेथी निवडायला बसवलं. विजयमालाबाईंनी पाढे विचारले. एकोणतीसचा पाढा चांदसाहेबांना लहानपणी आला नव्हता, तो आजही आला नाही. आणि एसटीचा प्रश्नच उरला नाही, नाथाजींनी आपली जीप काढली. सांगलीपर्यंत सगळ्या काचा खाली आणि नाथाजींच्या तोंडी फौजेतल्या गोष्टी. मागे सुरय्याबी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या.

दवाखान्यात शिवांजली नावाची मुलगी मशीन सांभाळत होती. तिनं चांदसाहेबांच्या डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या. शेजारच्या बाकावर सोबतच्या माणसाची गादी होती. सुरय्याबी तिच्यावर बसून राहिल्या.

“मावशी, तुम्ही झोपा. काकांचा श्वास मला पलीकडच्या खोलीत पडद्यावर दिसतो.”

“रातभर बगशील?”

“रात्रभर. तेच काम आहे माझं.”

“डोळा न्हाई लागायचा तुजा?”

“नाही लागणार.”

सुरय्याबींनी मग पदर नीट केला आणि आडव्या झाल्या.

सकाळी त्या तोंड धुवायला गेल्या तेव्हा शिवांजली चांदसाहेबांच्या वायरी सोडवत होती. “काका, तुम्हाला मध्यरात्रीनंतर झोप लागली. तेवढी पुरली, श्वास कुठे अडतो ते सापडलं. सुभेदार काकांचा व्हिडिओही डॉक्टरांनी बघितला. झोपताना तोंडाला लावायचं छोटं मशीन देतील, घाबरायचं काही कारण नाही.” मग ती घुटमळली. “पण एक गंमत आहे. अर्ध्या रात्रीपर्यंत तुम्ही टक्क जागे होता, असं मशीन म्हणतंय. आणि घोरण्याचा आवाज तर दिवा मालवल्यापासून येतोय. चांगला दणदणीत.”

चांदसाहेबांनी मोरीच्या बंद दाराकडे पाहिलं.

दुपारच्या झोपेनं ते खरंच जागे राहिले होते आणि त्यांनी तो आवाज पहिल्यापासून ऐकला होता. सुरुवातीला त्यांना भलताच आनंद झाला. इतकी वर्षं ज्या घोरण्यावरून त्यांची घरात, पाहुण्यांत, लेकीच्या सासरी थट्टा झाली, त्याचा सणसणीत बदला आता मशीनच्या साक्षीनं घेता येणार होता. गावात कुणाकुणाला सांगायचं तेही त्यांनी ठरवलं. मग मधेच सुरय्याबी कुशीवर वळल्या आणि आवाज थांबला. चांदसाहेब वायरींसकट ताडकन अर्धे उठून बसले. पुन्हा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. ही बाई रोज रात्री एवढं सोसते, हे त्यांना तेव्हा खरं समजलं. कुणीतरी दुसरं पहाऱ्याला आहे म्हटल्यावर ती किती वर्षांनी अशी निवांत झोपली होती. मग ते तसेच पडून आवाज ऐकत राहिले, आणि तो त्यांना फार गोड वाटला.

“त्यो माजाच आवाज, पोरी,” ते म्हणाले.

“पण काका, तुम्ही जागे होता.”

“मी जागेपनीबी घोरतो. सवय हाय.”

शिवांजलीनं त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ओठ दाबून हसली. “बरं. डॉक्टरांना तसं सांगते.”

बाहेर गाड्यावर चहा उकळत होता. वासावरूनच चांदसाहेबांनी ओळखलं, पावडर आपली नव्हे, आणि डस्ट जास्त झाली आहे. तरी चोवीस तासांच्या उपासानंतर तो वास त्यांना स्वर्गातून आल्यासारखा वाटला. त्यांनी बशी भरली.

“काय झोप लागली वो मला!” सुरय्याबी आळस देत म्हणाल्या. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा ताजा दिसत होता. “आन बगा, रातभर तुमी येकदाबी घोरला न्हाई. दवाखान्याचा गुनच म्हनायचा.”

चांदसाहेबांनी बशीकडे पाहिलं, मग सुरय्याबींकडे पाहिलं.

“व्हय,” ते म्हणाले, “दवाखाना लय चांगला हाय.” आणि पहिली बशी दुकानदाराची, हा वडिलांचा कायदा मोडून त्यांनी ती भरलेली बशी सुरय्याबींपुढे धरली.